हायड्रोजन बंध: कमकुवत म्हणावा की मजबूत?

निंबोणी

परवा रात्री घाईत पाण्याने काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली आणि विसरले. सकाळी दार उघडलं तर बाटलीला मानेपासून तळापर्यंत उभी चीर, आणि आत बाटलीच्याच आकाराचा बर्फाचा खांब. मी काचा वेचत होते, तेव्हा नववीतल्या लेकीने शेजारी उभं राहून शांतपणे निदान केलं, "पाण्याचे असंगत आचरण." म्हटलं, हो बाई, आणि तुझ्या आईचंही.

तर तिथून विषय निघाला. तिच्या वहीत एका पानावर लिहिलंय की हायड्रोजन बंध हा कमकुवत बंध आहे. पान उलटलं की लिहिलंय, हायड्रोजन बंधामुळे पाण्याचा उत्कलनांक फार जास्त असतो. आणखी पुढे, डीएनएचे दोन पेड हायड्रोजन बंधांमुळे एकत्र राहतात. तिचा प्रश्न असा की कमकुवत असेल तर एवढी कामं कशी करतो, आणि मजबूत असेल तर कमकुवत का लिहून दिलं? मी वाणिज्य शाखेची. "संख्येने जास्त असतील," असं ठोकून दिलं. तिचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

मग स्वतः वाचायला बसले तर गोंधळ वाढला. पाण्यातला एक हायड्रोजन बंध म्हणे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतकाच टिकतो. इतक्यात तुटणारी गोष्ट माझी बाटली कशी फोडते?

जाणकारांनी सांगावं. सोपं करून सांगा, पण सोपं करण्याच्या नादात खोटं सांगू नका.

अवखळ

शीर्षक घाईत 'हायड्रोजन बाँब' असं वाचून धावत आलो. इथे तर बाटलीच फुटलीय. निराशा झाली.

जुनाखडू

तीस वर्षं हाच धडा शिकवला, त्यामुळे दोषाचा वाटा माझ्याकडेही येतो. वहीतलं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. कमकुवत कोणापेक्षा, ते लिहायचं राहून गेलं.

पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन सहसंयुज बंधाने, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक ठेवून, जोडलेले असतात. तो तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक मोठी संख्या) सुमारे ४६० किलोज्यूल मोजावे लागतात. त्यात ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनचा लोभी. सामाईक जोडी तो आपल्याकडे ओढून घेतो. हायड्रोजनकडे मुळात एकच इलेक्ट्रॉन, तोही गेल्यातच जमा, त्यामुळे त्याचं केंद्रक जवळजवळ उघडं पडतं. मग हा किंचित धनप्रभारित हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोडीकडे ओढला जातो. तो हायड्रोजन बंध. त्याची किंमत मोलमागे २० ते २३ किलोज्यूल. सहसंयुज बंधाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाइतकी. म्हणून 'कमकुवत'.

आता दुसऱ्या बाजूने बघा. खोलीच्या तापमानाला रेणूंची आपापसात जी धक्काबुक्की चालू असते, तिचं माप मोलमागे सुमारे २.५ किलोज्यूल. हायड्रोजन बंध त्याच्या आठ-नऊ पट. म्हणजे सहज म्हणून सुटणारा नाही, आणि कायमचा जखडणाराही नाही. या मधल्या जागेवर बसलेला आहे हीच त्याची खुबी.

उत्कलनांकाचं म्हणाल तर पाण्याची भावंडं शेजारी उभी करा. हायड्रोजन टेल्युराइड उणे २ अंशांच्या आसपास उकळतं, हायड्रोजन सेलेनाइड उणे ४१ ला, हायड्रोजन सल्फाइड उणे ६० ला. रेणू हलका होत जातो तसा आकडा खाली येतो. याच उताराने गेलं तर पाणी उणे ७०-८० च्या घरात उकळायला हवं होतं. ते उकळतं १०० ला. हा पावणेदोनशे अंशांचा फरक त्या 'कमकुवत' बंधाची कमाई.

चष्मेवाला

खडूसरांच्या प्रतिसादाला +१.

माझं आवडतं उदाहरण जोडतो. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर. दोघांत दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. वजन तेच, अणू तेच. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, ईथर उणे २४ लाच वायू होऊन जातं. फरक एवढाच की इथेनॉलमध्ये एक हायड्रोजन थेट ऑक्सिजनला जोडलेला आहे. ईथरमध्ये सगळे कार्बनला. एका हायड्रोजनने जागा बदलली आणि शंभर अंश इकडचे तिकडे झाले.

अवखळ

"खडूसर" लिहिताना शेवटचा र गाळू नका रे कोणी.

जुनाखडू

मुलं तीस वर्षं गाळतच होती.

पाणकावळा

बाटलीचं उत्तर सोपं आहे. थंड झाल्यावर हायड्रोजन बंध ताठ होऊन लांबतात, त्यामुळे रेणू एकमेकांपासून दूर जातात आणि बर्फ फुगतो. संपला विषय.

हिमकण

@पाणकावळा, विषय संपला नाही, उलट तुम्ही नेमका उलटा सांगितलात. बर्फात दोन शेजारी ऑक्सिजनांमधलं अंतर साधारण २.७६ अँगस्ट्रॉम (सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) असतं. द्रव पाण्यात ते किंचित जास्त भरतं, २.८ च्या आसपास. म्हणजे बर्फात बंध आखूड होतात. तरीही बर्फ जास्त जागा व्यापतो, कारण प्रश्न अंतराचा नसून मांडणीचा आहे.

बर्फात प्रत्येक रेणूला मोजून चार शेजारी. दोघांना तो आपले हायड्रोजन देतो, दोघांकडून घेतो. हे चौघे चतुष्फलकाच्या चार टोकांवर, म्हणजे ठरलेल्या कोनातच बसतात. त्यातून षटकोनी जाळी तयार होते आणि तिच्या मधोमध पोकळ्या राहतात. पाणी झालं की जाळी मोडते. काही शेजारी शिस्त सोडून मधल्या रिकाम्या जागेत घुसतात, त्यामुळे शेजाऱ्यांची सरासरी चाराच्या थोडी वर जाते. एखादी खोली माणसांनी हात ताणून, कोन सांभाळून भरली की कमी माणसं मावतात. हात सोडले की जास्त. बर्फाची घनता ०.९१७, म्हणजे गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. निंबोणीताईंच्या काठोकाठ भरलेल्या बाटलीला ते ९ टक्के ठेवायला जागाच नव्हती.

४ अंशांची गोष्टही यातच आहे. पाणी थंड होताना दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. हालचाल मंदावते म्हणून रेणू जवळ येतात, आणि बर्फासारख्या मोकळ्या मांडणीचे तुकडे वाढतात म्हणून लांब जातात. ४ अंशांच्या वर पहिली गोष्ट जिंकते, खाली दुसरी. शाळेतलं होपचे उपकरण, म्हणजे मधोमध बर्फाने थंड केलेला पाण्याचा उभा नळा, आठवतंय का? वरचा तापमापी शून्याला येतो आणि खालचा ४ वर अडून बसतो. थंड प्रदेशातल्या तळ्यांत हेच होतं. वर बर्फ, तळाशी ४ अंशांचं पाणी, आणि त्यात मासे जिवंत.

पाणकावळा

बरं, चुकलो. वीस वर्षं हेच सगळ्यांना सांगत फिरतोय. आता सगळ्यांना फोन करावे लागणार.

मधली_सुट्टी

अवांतर: हिमकण, बर्फ पाण्यावर तरंगतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण जड पाण्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर बुडतो. जाळी तीच, पोकळ्या त्याच, फक्त हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, असल्यामुळे वजन जास्त. चित्रात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ग्लासात काचेचा तुकडा टाकलाय असंच वाटलं होतं.

सावलीतला

धागा चांगला चाललाय म्हणून जुनं दुखणं काढतो. आमच्या एका नातेवाइकांनी घरी पाण्याचं यंत्र बसवलंय. विक्रेत्याने सांगितलं, यातून 'षटकोनी पाणी' येतं, रेणू सहा-सहाच्या गटात रांगेने उभे असतात आणि शरीरात पटकन शोषले जातात. वर म्हणाला की पाण्याला स्मरणशक्ती असते, म्हणून यंत्राजवळ भांडायचं नाही. घरातली सगळी भांडणं आता गॅलरीत होतात. हिमकण यांनी बर्फात षटकोनी जाळी असते म्हटलंय. मग त्या माणसाचं थोडं तरी खरं आहे का?

हिमकण

षटकोन बर्फात, कारण तिथे रेणू जागेवर खिळलेले आहेत. हिमकणाला (मला नव्हे, खऱ्या) सहा कोपरे का असतात हे कोडं केपलरने १६११ मध्ये घातलं होतं, आणि त्याचं उत्तर याच जाळीत आहे. पण ती द्रवात टिकत नाही. निंबोणीताईंनी वाचलेला आकडा बरोबर आहे. द्रव पाण्यात एक बंध साधारण एक पिकोसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ०.३ मिलिमीटर सरकतो. यंत्राच्या तोटीतून पेल्यात पडेपर्यंत त्या षटकोनाच्या किती पिढ्या होऊन जातील याचा हिशोब तुम्हीच करा. आणि घशाखाली जे जातं ते शेवटी सुटे रेणूच शोषले जातात.

स्मरणशक्तीबद्दल: १९८८ मध्ये 'नेचर'मध्ये तसा दावा करणारा बेनव्हेनिस्त यांचा लेख आला होता. त्याच नियतकालिकाने प्रयोगशाळेत माणसं पाठवून, कोणत्या नळीत काय आहे हे प्रयोग करणाऱ्यांपासून लपवून तो पुन्हा करायला लावला. तो निकाल पुन्हा आला नाही.

सावलीतला

म्हणजे यंत्राजवळ भांडायला हरकत नाही. निरोप पोचवतो.

निंबोणी

सगळ्यांचे आभार, पण माझा काटा अजून तिथेच आहे. खडूसर म्हणतात बंध धक्काबुक्कीच्या आठ-नऊ पट मजबूत आहे. हिमकण म्हणतात एक पिकोसेकंदात तुटतो. आठ-नऊ पट मजबूत असलेली वस्तू इतक्या लवकर तुटतेच कशी? आणि सारखे सगळे बंध तुटतच असतील तर पाणी पाणी कसं राहतं? लेकीने हा प्रश्न वहीच्या समासात लिहून खाली दोन रेघा ओढल्यात.

तर्कट

रेघा योग्य ठिकाणी ओढल्यात. गोंधळ 'तुटतो' या शब्दाचा आहे. आपल्या डोळ्यांसमोर दोरी तुटते, दोन टोकं लोंबकळत राहतात. पाण्यात तसं फार कमी घडतं.

लागे आणि हाइन्स यांनी २००६ मध्ये संगणकावर पाण्याच्या रेणूंचा माग काढून जे चित्र मांडलं ते असं. एका रेणूचा हायड्रोजन शेजाऱ्याला धरून आहे. तेवढ्यात तिसरा एक रेणू जवळ सरकतो. पहिला रेणू झटक्यात मान वळवतो आणि जुन्या शेजाऱ्याचा हात सोडून नव्याचा धरतो. मधल्या क्षणी हायड्रोजन दोघांच्या मध्ये असतो, दोघांशीही अर्धामुर्धा बांधलेला. आधी सोडून मग शोधत फिरला असता तर पूर्ण २० किलोज्यूल मोजावे लागले असते. धरता धरता सोडला म्हणून स्वस्तात काम झालं. म्हणून इतक्या लवकर अदलाबदल होऊ शकते.

त्यामुळे कुठल्याही क्षणी पाण्याचा फोटो काढलात तर जवळपास सगळे हात कोणाच्या तरी हातात दिसतील. पुढच्या फोटोतही तसंच. फक्त जोड्या बदललेल्या. एकेक बंध क्षणभंगुर, एकूण बंधांची संख्या कायम. पाणी वाहतं ते जोड्या बदलतात म्हणून, आणि विखरून जात नाही ते हात रिकामे राहत नाहीत म्हणून.

जुनाखडू

वा, तर्कट! हे मला वर्गात सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. आकड्यांनीही हेच दिसतं. द्रवात एका रेणूला सरासरी साडेतीनच्या आसपास बंध. प्रत्येक बंध दोघांत सामाईक, म्हणून रेणूमागे पावणेदोन. त्याला २३ ने गुणा, ४० येतात. पाण्याची वाफ करायला १०० अंशांना मोलमागे ४०.७ किलोज्यूल लागतात. हिशोब ढोबळ आहे, बाकीच्या आकर्षणांचा त्यात विचार नाही, तरी बघा किती जवळ आला.

आणि बर्फ वितळवायला? मोलमागे फक्त ६. याचा अर्थ बर्फाचं पाणी होताना थोडेच बंध सुटतात, बाकीचे तसेच राहतात. खरी ताटातूट वाफ होताना होते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त भाजतं ते याचसाठी. त्वचेवर वाफेचं पाणी होताना ती सगळी उधारी एकदम फेडते, ग्रॅममागे ५४० कॅलरी.

चष्मेवाला

एक शंका स्वतःच विचारतो आणि स्वतःच सोडवतो, कारण परीक्षेत मी हिच्यावर आपटलो होतो. हायड्रोजन फ्लोराइडमधला एकेक हायड्रोजन बंध पाण्यातल्यापेक्षा मजबूत आहे. तरी ते १९.५ अंशांनाच उकळतं. का? त्याच्याकडे द्यायला हायड्रोजन एकच. घ्यायला तीन मोकळ्या जोड्या, पण देणारेच कमी. अमोनियाचं उलट, तीन हायड्रोजन आणि मोकळी जोडी एक. पाण्याकडे दोन द्यायचे, दोन घ्यायचे, कोणीच रिकामा राहत नाही. तर ताई, तुम्ही ठोकून दिलेलं "संख्येने जास्त असतील" हे उत्तर अगदीच वाया गेलेलं नाही.

निंबोणी

हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून फ्रिजवर लावते.

गवतफुला

डीएनएवर कोणीच बोलत नाहीये म्हणून घुसते. पोटापाण्यासाठी रोज डीएनए तापवते आणि थंड करते, त्यामुळे आमचा या बंधाशी घरोबा आहे.

डीएनएच्या पेडांवर ए, टी, जी, सी असे चार प्रकारचे घटक असतात, त्यांना बेस म्हणतात. ए समोर टी असेल तर दोन हायड्रोजन बंध, जी समोर सी असेल तर तीन. माणसाच्या सगळ्यांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी जोड्या, म्हणजे ६० कोटींच्या आसपास हायड्रोजन बंध, एका रेणूत. आमच्या पीसीआर यंत्रात (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या) नळी ९५ अंशांपर्यंत तापवली की दोन पेड सुटे होतात. पेडाच्या आतले सहसंयुज बंध मात्र जागच्या जागी असतात. तापमान उतरलं की आपापला जोडीदार शोधून पेड पुन्हा जुळतात. ही चेन ओढली की उघडते आणि परत लागते म्हणून पेशी विभागू शकते. दोन पेड सहसंयुज बंधांनी शिवलेले असते तर प्रत वाचायलाच मिळाली नसती. म्हणून मी त्याला कमकुवत म्हणत नाही, उघडता येण्याजोगा म्हणते.

इतिहासातली एक गंमत. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी वॉटसन सुरुवातीला चुकीच्या जोड्या लावत बसले होते, कारण त्या वेळच्या पुस्तकांत बेसमधले हायड्रोजन चुकीच्या जागी दाखवलेले होते. जेरी डोनोह्यू यांनी त्यांना सांगितलं की पुस्तकातली रूपं बरोबर नाहीत, हायड्रोजन इकडे हवा. तो हलवला आणि तुकडे जुळले. १९५३ च्या त्या मांडणीत जी-सीमध्येही दोनच बंध होते. तिसरा पक्का केला तो रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग आणि कोरी यांनी, १९५६ मध्ये.

तर्कट

गवतफुला, तपशिलाबद्दल वाद नाही. पण "पेड हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेले असतात" या वाक्याला माझी हरकत आहे. पेड सुटे झाले तरी बेस काही उघड्यावर पडत नाहीत. भोवती पाणी आहे आणि ते तितकेच हायड्रोजन बंध द्यायला तयार आहे. इथला हात सोडला, तिथला धरला. जमाखर्च जवळजवळ शून्य. दुपेडी गोफ टिकतो तो मुख्यतः बेसच्या चकत्या एकावर एक रचल्या जातात त्या आकर्षणामुळे.

गवतफुला

मान्य, पण अर्धंच. तुमच्या जमाखर्चातली एक ओळ राहिली. चुकीचा बेस समोर आला तर त्याने पाण्याचे हात सोडलेले असतात आणि गोफात नवे हात मिळत नाहीत. निव्वळ तोटा. म्हणजे हायड्रोजन बंध गोफाला ताकद कमी देत असेल, पण कोणी कोणासमोर बसायचं हे ठरवतो. डिंक म्हणून नव्हे, दारावरचा पहारेकरी म्हणून त्याचं काम.

तर्कट

पहारेकऱ्याचाही पुरावा पूर्ण नाही. कूल यांच्या गटाने १९९७ मध्ये टी बेसच्या आकाराचा, पण हायड्रोजन बंध जेमतेम करू शकणारा तोतया रेणू बनवला. डीएनएची प्रत काढणाऱ्या विकराने (एन्झाइमने) तोतयासमोरही बिनदिक्कत ए बसवला. म्हणजे निवडीत आकार जुळण्याचाही मोठा भाग आहे.

गवतफुला

विकराच्या खोबणीत आकार मोजला जातो, हे कबूल. पण आमच्या नळीत पेड विकराशिवाय एकमेकांना शोधतात, तिथे आकाराचं माप कोण घेतं? तोच तोतया नुसत्या गोफात घातला की गोफ लवकर वितळतो, म्हणजे पेड कमी तापमानालाच सुटतात. हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं. तुम्ही विकरावर अडून बसला आहात, मी नळीवर.

अवखळ

दोघांचे हायड्रोजन बंध तुटले. कोणीतरी पाणी द्या.

कागदी_होडी

शास्त्रीय भांडणात घरगुती गोष्ट आणते, रागावू नका. ओले केस वाळताना जसे बांधाल तसे राहतात, आणि दमट हवेत बाहेर पडलं की सगळं मुसळ केरात. हेही हायड्रोजन बंधच ना?

गवतफुला

हो! केस म्हणजे प्रथिन. पाणी आत शिरलं की केसातल्या साखळ्या एकमेकींचा हात सोडून पाण्याचा धरतात. पाणी उडून गेलं की त्या वेळी जो आकार असेल त्या आकारात पुन्हा धरतात. दमट हवेने पुन्हा सुटतात. कायमचे कुरळे करायचे तर गंधकाचे सहसंयुज बंध तोडून जोडावे लागतात, त्याला रसायनं लागतात. दमट हवेत केस लांबतो याचा उपयोग करून सोस्यूर यांनी १७८३ मध्ये आर्द्रतामापक बनवला होता, चक्क माणसाच्या केसाचा.

सुती कपड्याला इस्त्री करताना पाणी शिंपडतो तेही हेच. सेल्युलोजच्या साखळ्या पाण्याने सैल करायच्या, सपाट दाबायच्या, आणि त्याच स्थितीत वाळवायच्या.

हिमकण

प्रथिनांचा विषय निघालाच आहे तर पॉलिंग यांची गोष्ट राहू नये. १९४८ मध्ये ते ऑक्सफर्डला आजारी पडून अंथरुणात होते. वाचून कंटाळले, तेव्हा कागदावर प्रथिनाची साखळी काढली आणि बंधांचे कोन बरोबर यावेत म्हणून ठरावीक जागी घड्या घालत गेले. कागद वळत वळत जिन्यासारखा झाला आणि एका वळणावरचा ऑक्सिजन चार घरं पुढच्या नायट्रोजनवरच्या हायड्रोजनसमोर येऊन उभा राहिला. हीच अल्फा सर्पिल रचना. एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं. पूर्णांक नाही म्हणून कित्येकांनी ती आधी हातची घालवली होती. १९५१ मध्ये छापून आली.

आणि निंबोणीताईंच्या मूळ प्रश्नासाठी: एखाद्या लहान प्रथिनात असे शंभरावर बंध असू शकतात, पण घडी घातलेल्या आणि उलगडलेल्या रूपांतला एकूण फरक साधारण मोलमागे २० ते ६० किलोज्यूल. म्हणजे एक ते तीन हायड्रोजन बंधांएवढाच! तर्कट म्हणतात तोच जमाखर्च. मोठी जमा, जवळजवळ तेवढाच खर्च, आणि उरलेल्या चिल्लरीवर आपण जगतो.

मधली_सुट्टी

अवांतर २: व्याख्येवरही बरीच वर्षं घोळ होता. शाळेत "फक्त फ्लोरिन, ऑक्सिजन, नायट्रोजन" असं घोकून घेतात. २०११ मध्ये आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नवी व्याख्या केली, त्या गटाचं काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अरुणन यांनी पाहिलं. तीत तीन मूलद्रव्यांची मक्तेदारी गेली. पुराव्याने बंध दिसत असेल तर कार्बनला जोडलेला हायड्रोजनही चालतो.

जुनाखडू

परीक्षेत मात्र तीनच लिहायला सांगा ताई. तपासणाऱ्याला अजून २०११ उजाडलेलं नसेल.

लेकीसाठी एक प्रयोग सुचवतो, वर्गात कधी फसला नाही. वहीच्या एकाच कागदाच्या, एकाच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. एक कोरडी ठेवा, एक पाण्यात बुडवा, एक शिवणयंत्राच्या तेलात. पाच मिनिटांनी प्रत्येकीला तेच वजन टांगा. काय होईल ते मी सांगत नाही. तिला आधी अंदाज लिहायला लावा, मग करू द्या.

पाणकावळा

दोन्ही ओल्या पट्ट्या तुटणार. ओला कागद तो ओला कागद. (या वेळी चुकलो तर आयडी बदलतो.)

निंबोणी

केला प्रयोग. वजन म्हणून किल्ल्यांचा जुडगा वापरला. लेकीचा अंदाज पाणकावळा यांच्यासारखाच होता.

कोरडीने जुडगा आरामात पेलला. पाण्यातली पट्टी उचलताच मधे लांबल्यासारखी झाली आणि जुडगा अडकवायच्या आधीच निम्मी हातात, निम्मी ताटलीत. आवाजसुद्धा झाला नाही. तुटलेल्या कडेला बारीक केसांसारखे तंतू बाहेर आले होते, अख्खे. म्हणजे फाटले ते तंतू नव्हेत, त्यांनी एकमेकांना धरलेलं सुटलं. हे तिने भिंगातून पाहून मला सांगितलं, मी तिला नाही. तेलातली पट्टी पारदर्शक, चिकट, ओलीगच्च, आणि तिने जुडगा कोरडीसारखाच धरला. "तेलाकडे द्यायला हातच नाहीत," असं लेक म्हणाली आणि वहीतलं 'कमकुवत' पेन्सिलीने कंसात टाकून आली.

पाणकावळा, नवा आयडी कळवा.

तेलाची पट्टी काल संध्याकाळपासून दाराच्या कडीला टांगलेली आहे. निरीक्षण चालू आहे म्हणून खाली काढू देत नाही. घराच्या किल्ल्या तिलाच आहेत, त्यामुळे आज आम्ही सगळे घरीच.